मोठी गाडी आधी आली : अहेरी परिसराच्या संदर्भात मोटारसायकलीच्या बदलत्या आकाराचा इतिहास

प्रास्ताविक

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे रेल्वे, बंदरे आणि राज्य परिवहनची बस यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. मोटारसायकल मात्र या अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. वास्तविक २००१ च्या जनगणनेत देशातील ११.७ टक्के कुटुंबांकडे दुचाकी वाहन होते आणि २०११ मध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. अवघ्या दहा वर्षांत ज्या वस्तूचा प्रसार जवळजवळ दुप्पट झाला, ती वस्तू इतिहासाच्या अभ्यासकाने किरकोळ मानावी हे काहीसे विचित्रच आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय या प्रसाराचा एक उपप्रवाह आहे. शंभर सीसीची गाडी वापरणारा मनुष्य काही वर्षांनी ती विकून किंवा घरातील धाकट्याकडे सोपवून दोनशेवीस वा साडेतीनशे सीसीची क्रूझर घेतो, ही गोष्ट आता अहेरी-आलापल्लीसारख्या अरण्यप्रदेशातील गावांतही नवलाची राहिलेली नाही. या बदलाचे स्पष्टीकरण सामान्यतः उत्पन्नवाढ आणि हौस या दोन शब्दांत दिले जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. एक तर लहान गाडीकडून मोठ्या गाडीकडे हा क्रम ऐतिहासिकदृष्ट्या सरळ नाही. आपल्या देशात मोठी गाडी आधी आली आणि लहान गाडी नंतर. दुसरे असे की, अहेरी भागात गाडीचा आकार मालकाच्या खिशाइतकाच रस्त्याने आणि पुलाने ठरवला. आणि तिसरी गोष्ट, जी सर्वांत गंभीर आहे, ती ही की या दोन यंत्रांमधील अंतर ओलांडण्याचे शिक्षण कोणीही कोणाला देत नाही.

उलटा क्रम

स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय मोटारसायकल ही मुळात थोराड होती. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी साडेतीनशे सीसीच्या रॉयल एनफिल्ड बुलेट मागविल्या आणि त्यातूनच १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० मध्ये बंद पडली. तिचे मद्रासी अपत्य मात्र जगले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून अडीचशे सीसीची जावा आणि पुढे येझदी बनविली. एस्कॉर्ट्सची राजदूत त्याच सुमारास, पोलंडमधील एका गाडीच्या आराखड्यावरून, १७५ सीसीच्या इंजिनासह बाजारात आली. म्हणजे १९८५ पूर्वी ‘मोटारसायकल’ या शब्दाने आजच्या मापात मध्यम किंवा मोठीच गाडी सूचित होत असे. ‘फटफटी’ हा शब्द ज्या पिढीने रूढ केला, तिच्या कानांत या यंत्रांचा आवाज होता.

त्या काळात लहान यंत्र हवे असेल तर मनुष्य मोटारसायकलीकडे वळतच नसे. त्याच्यासाठी सायकल होती, आणि १९७२ पासून कायनेटिक इंजिनिअरिंगची पन्नास सीसीची लूना होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आजच्या प्राध्यापकवर्गातील ज्येष्ठांना वेगळे सांगण्याची गरज नाही. औद्योगिक परवाना पद्धतीने उत्पादनाची मर्यादा बांधून दिलेली होती आणि ग्राहकाची निवड त्या मर्यादेच्या आतच होत असे.

हा क्रम मोडला तो जपानी भागीदाऱ्यांनी. १९८४ ते १९८६ या अवघ्या तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या चारही कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या भारतीय रस्त्यांवर आल्या. त्यांतील हिरो होंडाची सीडी १०० (१९८५) ही चार स्ट्रोकची होती. पेट्रोल कमी पिणारी आणि दुरुस्ती कमी मागणारी. १९९४ मध्ये तिच्याच कुळातील स्प्लेंडर आली आणि ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल म्हणजे हीच, अशी समजूत दृढ झाली. जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एनफिल्ड आयशर समूहाकडे गेली आणि पुढील काही वर्षे ती टिकेल की नाही अशी स्थिती होती. थोडक्यात, शतकाच्या अखेरीस लहान गाडीने मोठ्या गाडीला जवळजवळ हुसकावून लावले होते.

पुढे ज्या क्रूझरचा आपण विचार करणार आहोत, ती या पराभूत थोराड गाडीची थेट वारस नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये कावासाकीच्या नावाने १७५ सीसीची एलिमिनेटर आणली. अमेरिकी थाटाची, लांब आणि ठेंगणी अशी ती गाडी होती. तिची किंमत सामान्य ग्राहकाला परवडली नाही. तेव्हा त्याच बाह्यरूपात पल्सरचे इंजिन बसवून २००५ मध्ये ॲव्हेंजर काढण्यात आली. २०१० मध्ये तिची शक्ती २२० सीसीपर्यंत वाढली. रॉयल एनफिल्डने २००२ मध्ये थंडरबर्ड आणली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या जागी मीटिओर ३५०. मोठी गाडी परत आली खरी, परंतु तिचा अर्थ बदललेला होता. बुलेट किंवा राजदूत हे कामाचे हत्यार होते. ओझे, खडतर वाट आणि सरकारी दौरा यांसाठी ते घेतले जाई. क्रूझर ही लहान गाडी आधीच घरात असलेल्या माणसाची दुसरी निवड आहे. पहिल्या मोठ्या गाडीला पर्याय नव्हता म्हणून ती मोठी होती. दुसरी मोठी आहे ती पर्याय असूनही. या भेदाकडे दुर्लक्ष करून ‘जुन्या बुलेटचे पुनरागमन’ असे सुलभ वर्णन केले जाते, ते मला ग्राह्य वाटत नाही.

वाट, नाला आणि पूल

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि घनता दर चौरस किलोमीटरला अवघी ७४. हे आकडे वाहतुकीच्या दृष्टीने वाचावयास हवेत. वस्ती विरळ असली की बस परवडत नाही, आणि बस नसली की प्रत्येक घराला आपले वाहन आपणच शोधावे लागते. जिल्ह्याचे रेल्वे स्थानक म्हणजे दीर्घकाळ एकटे वडसा, आणि ते अहेरीपासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. अहेरीहून जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तरी शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी वारंवार होते, त्यामागे हे अंतरही आहे.

आलापल्लीचे सागवान ज्या काळात हत्ती ओढून आणीत, त्या काळापासून येथील वाहतुकीचे खरे शत्रू दोनच राहिले : चिखल आणि पाणी. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता अहेरीला लागूनच वाहते. पूर्वेला इंद्रावती, दक्षिणेला गोदावरी. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की पलीकडचा मुलूख तुटतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्याचे महिने बाहेरच्या जगाशी संबंध राहात नसे, हे सर्वश्रुत आहे.

अशा प्रदेशात शंभर सीसीच्या गाडीचा मोठा गुण तिचा वेग नव्हे. तिचे वजन होय. सुमारे ११० किलोची गाडी दोघांनी उचलून नाल्यापार नेता येते, होडीत चढविता येते, पायवाटेवरून ढकलता येते. अडीच फूट रुंदीची वाट तिला पुरते. जिथे चारचाकी पोचत नाही तिथे दुचाकीलाच रुग्णवाहिका व्हावे लागते. दुचाकीवर आडवी खाट बांधून मृतदेह गावी नेल्याची भामरागड भागातील वार्ता २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आली, तेव्हा महाराष्ट्र काही दिवस हळहळला. १९८० पासून या अरण्यात नक्षलवादी चळवळ शिरली आणि भूसुरुंगांमुळे रस्त्यालाच धोक्याचा अर्थ आला. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे झालेल्या स्फोटात पोलीस दलाचे १५ जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. ते खाजगी मोटारीतून जात होते. मोटारीपेक्षा पायी किंवा विखुरलेल्या दुचाकींवरून जाणे बरे, हा धडा माओवादग्रस्त भागांतील सुरक्षा दलांनी फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे.

येथे भाषेचाही एक लहानसा पुरावा नोंदवावासा वाटतो. विदर्भाच्या या पट्ट्यात बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात. प्राणहितेपलीकडच्या तेलुगूत ‘बंडी’ म्हणजे गाडी, आणि बोलण्यात आज बहुधा मोटारसायकलच. अहेरीत दोन्ही भाषा रोजच्या वापरात असल्याने एकच शब्द बापाच्या तोंडी एका वाहनाला आणि मुलाच्या तोंडी दुसऱ्या वाहनाला लागू पडू शकतो. शब्द तोच राहून वाहन बदलले, यात मला या भागाच्या दळणवळणाचा पुष्कळसा इतिहास आलेला दिसतो.

मोठ्या गाडीला मात्र डांबर लागते. गडचिरोली-आष्टी-आलापल्ली-सिरोंचा हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी म्हणून घोषित झाला. सिरोंचाजवळ गोदावरीवर आणि अहेरीजवळ वांगेपल्ली येथे प्राणहितेवर पूल झाले आणि तेलंगणात जाण्यासाठी होडीची वाट पाहणे संपले. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटन झाले आणि अहेरी ते गर्देवाडा ही बस त्या भागात स्वातंत्र्यानंतर प्रथमच धावली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला माओवाद्यांच्या केंद्रीय नेतृत्वातील भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. रस्त्याविषयीची भीती ओसरू लागल्यावरच रस्त्याची हौस संभवते. क्रूझर ही त्या अर्थाने शांततेची वस्तू आहे.

पैशाची बाजूही थोडक्यात पाहिली पाहिजे. तेंदूपानाच्या हंगामात घरात रोख रक्कम येते, ती एकदम येते आणि थोडी असते. तिच्यातून लहान गाडी होऊ शकते. क्रूझरचा ग्राहक प्रामुख्याने मासिक वेतनाचा मनुष्य होय : शिक्षक, पोलीस, वनरक्षक, ग्रामसेवक. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वेतनश्रेणी मिळाली. पतसंस्थेचे कर्ज आणि ‘एकस्तर’ या दोहोंच्या आधारे गाडीही एक स्तर वर गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रस्ता सुधारला हे विधान मात्र सरसकट करता येत नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून पुन्हा सुरू झाल्यावर आलापल्ली-आष्टी मार्गावर अवजड ट्रकांची रांग लागली, रस्ता उखडला आणि दुचाकीस्वारांचे प्राणघातक अपघात होऊन लोकांचा क्षोभ रस्त्यावर आला. ज्या डांबराने क्रूझर शक्य केली त्याच डांबरावर तिचा सामना आता खनिजाच्या ट्रकाशी आहे.

क्रूझरची ठेवण आणि येथील भूमी

क्रूझरचा आकार अमेरिकेतील लांब, सरळ आणि रुंद महामार्गांवर घडला. स्वार मागे रेलून बसतो, पाय पुढे ताणलेले, हातमूठ उंच, दोन चाकांतील अंतर मोठे. स्प्लेंडरच्या दोन चाकांतील अंतर १,२३६ मिलिमीटर आहे. ॲव्हेंजर २२० मध्ये ते १,४९० आहे. सरळ रस्त्यावर या लांबीमुळे गाडी स्थिर राहते. जंगलातल्या अरुंद वळणावर, किंवा समोर रपटा वाहत असल्याने गाडी आहे तेथेच वळवून परत फिरायचे झाल्यास, हीच लांबी आड येते. पाय पुढे असल्याने खड्डा आला तरी स्वाराला पावलांवर भार देऊन उठता येत नाही. धक्का थेट कण्याला बसतो. शंभर सीसीच्या गाडीवर वर्षानुवर्षे खड्डे चुकविलेला स्वार नकळत पावलांवर उठण्यास सरावलेला असतो आणि नव्या गाडीवर ती सवय निरुपयोगी ठरते.

तिचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे, आणि जाहिरातींपेक्षा तोच तिच्या लोकप्रियतेचे खरे कारण असावा असे वाटते. ॲव्हेंजरची बैठक जमिनीपासून ७३७ मिलिमीटर उंचीवर आहे, स्प्लेंडरची ७८५. मध्यम वा कमी उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात आणि गाडी मोठी असूनही आटोक्यात असल्याची भावना होते. ही भावना उभ्या गाडीपुरती खरी आहे. १९१ किलोची मीटिओर चालत्या वेगात रेतीवर घसरली, तर टेकलेला पाय तिला सावरू शकत नाही.

यापेक्षा सूक्ष्म आणि अधिक घातक फरक डाव्या पावलाखाली आहे. स्प्लेंडरच्या कुळातील गाड्यांत चारही गिअर एकाच दिशेने पडतात : चवड्याने पुढचा दांडा दाबला की वरचा गिअर, टाचेने मागचा दाबला की खालचा. क्रूझरमध्ये पहिला गिअर खाली आणि उरलेले चार वर असतात. मीटिओरला पुढेमागे दोन्ही दांडे आहेत. तिच्यात चवड्याने दाबले की खालचा गिअर पडतो आणि टाचेने दाबले की वरचा. म्हणजे तीच हालचाल, तेच पाऊल आणि परिणाम नेमका उलट. दहा वर्षे स्प्लेंडर चालविलेला शिक्षक साठच्या वेगात वरचा गिअर टाकावा म्हणून सवयीने चवडा दाबतो. गाडी खालच्या गिअरमध्ये जाते, इंजिन एकदम अडते, मागचे चाक खेचल्यासारखे होते. डांबरावर तो सावरेल. डांबराच्या कडेला साचलेल्या मुरुमावर तो पडेल. उलटपक्षी ट्रक समोर आल्यावर वेग कमी करण्यासाठी टाच दाबली, तर वरचा गिअर पडून इंजिनाचा रोध नाहीसा होतो. अपघातग्रस्त मनुष्याला आपण काय चुकलो हे सांगताही येत नाही, कारण त्याने जाणीवपूर्वक काहीच चुकीचे केलेले नसते.

जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. तो फरक इतका ढळढळीत होता की नवखा मनुष्य गाडीवर बसण्यापूर्वीच सावध होई, कोणाकडून तरी शिकून घेई, मोकळ्या मैदानात दोन दिवस घालवी. या शतकाच्या पहिल्या दशकात रॉयल एनफिल्डनेही ही मांडणी हळूहळू बदलून गिअर डावीकडे आणला. दोन्ही गाड्या आता सारख्या दिसतात. सारखेपणाच्या या आभासाने पूर्वीची सावधगिरी गेली.

एकच परवाना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये दुचाकीच्या परवान्याचे दोनच प्रकार आहेत : गिअर नसलेली मोटारसायकल आणि गिअर असलेली मोटारसायकल. गिअरच्या गाडीचा परवाना एकदा मिळाला की तो ९७ सीसीला चालतो आणि अठराशे सीसीलाही. मैदानात आठचा आकडा काढून दाखविलेली गाडी कोणती होती, हे परवान्यावर कोठेही नोंदले जात नाही. ज्या जपानने आपल्याला शंभर सीसीची गाडी दिली, त्या देशात १९७५ पासून ४०० सीसीपेक्षा मोठ्या गाडीसाठी स्वतंत्र परवाना आहे. युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून १२५ सीसीपर्यंतची, ३५ किलोवॉटपर्यंतची आणि त्यापुढील अशा तीन पायऱ्या आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. पायऱ्या नसल्यामुळेच हे झाले असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. हेल्मेट, रस्ता, मद्य, ट्रक अशी अनेक कारणे एकत्र काम करतात. परंतु इतक्या मृत्यूंच्या देशात यंत्र बदलताना चालकाची पुन्हा एकदा चाचणी घ्यावी असे शासनाला वाटू नये, हे समर्थनीय नाही.

शासनाला आकाराचा भेद कळत नाही असेही नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा सर्व मोटारसायकलींवर २८ टक्के कर आणि ३५० सीसीपेक्षा मोठ्या गाडीवर आणखी ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही दरी रुंदावली : ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यावर ४० टक्के. मीटिओरचे इंजिन ३४९ सीसीचे आहे. कराच्या दृष्टीने ती स्प्लेंडरच्याच रांगेत बसते आणि लहान गाडीकडून मोठ्या गाडीकडे जाण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा स्वस्त झाला आहे. घनक्षमता मोजून कर घेता येतो, त्याच मोजमापावर अर्ध्या दिवसाचे शिक्षण बंधनकारक करणे अवघड असण्याचे कारण दिसत नाही. अहेरीच्या माणसाला त्यासाठी शंभर किलोमीटर दूर जावे लागू नये, इतकी काळजी मात्र घ्यावी लागेल. गावातील शाळा-महाविद्यालयांची मैदाने सुटीच्या दिवशी रिकामीच असतात.

अधिनियमात घनक्षमतेची एक पायरी आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतची मोटारसायकल चालविता येते. ही तरतूद झाली तेव्हा लूना घरोघरी होती आणि मुले तिच्यावर रस्ता शिकत. पेट्रोलवर चालणारी लूना केव्हाच बंद झाली. २०२४ मध्ये ते नाव परत आले ते विजेच्या गाडीवर. पन्नास सीसीची पेट्रोलवरची नवी गाडी आज बाजारात मिळत नाही. तेव्हा अहेरीचा सोळा वर्षांचा मुलगा आज शिकतो तो वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरवर, विनापरवाना, आलापल्लीच्या रस्त्यावर. आणि वडील त्याच रस्त्यावर आपली नवी क्रूझर शिकत असतात.